साचा क्रमांक दोन

५ ऑगस्ट

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. पत्र म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. 'तुझ्या डॉक्टरने फिल्म नीट बघितलीच नाही, एवढं लिहून सही करून पाठव.' वर मायना नाही, खाली नाव नाही. दुकानात यादी पाठवतानाही माणूस याहून जास्त शब्द खर्च करतो.

भाऊजींना जाऊन सहा महिने झाले. या काळात मी तीनदा तुझ्या दारात येऊन गेलो. तिन्ही वेळा तुझ्या लेकीने दार उघडलं आणि 'मामा, आई झोपली आहे' म्हणाली. तिसऱ्या वेळी आतून भांडी विसळल्याचा आवाज येत होता. झोपेत भांडी घासणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. मुलीला खोटं बोलायला लावू नकोस, तिला ते जमत नाही, कान लाल होतात तिचे.

तुझ्या तक्रारीची प्रत अधीक्षकांनी मला बोलावून वाचायला दिली. चौकशी समिती बसणार आहे. कंपनीच्या तपासणीत भाऊजींच्या छातीचा एक्स-रे निघाला, आमच्या विभागातून 'छाती निरोगी' असा अहवाल गेला, चौदा महिन्यांनी त्याच छातीत गाठ सापडली आणि पाच महिन्यांत माणूस गेला. सगळं खरं आहे. शेवटी लिहिलं आहेस, 'माझा सख्खा भाऊ त्याच विभागात कामाला असूनही ही हेळसांड झाली.' हे वाक्य वकिलाचं नाही, तुझं आहे. मी ओळखतो.

पण तुला हवं ते मी लिहून देऊ शकत नाही. मी काय काम करतो हे तू अठरा वर्षांत कधी विचारलं नाहीस. 'भाऊ हॉस्पिटलात आहे' असं शेजारणींना मोघम सांगायचीस आणि त्या मला गुडघे दाखवायच्या. तर ऐक. डॉक्टर अंधाऱ्या खोलीत उजेडाच्या पेटीवर एकेक फिल्म लावतात आणि दिसेल ते छोट्या रेकॉर्डरमध्ये बोलतात. ती कॅसेट माझ्याकडे येते. मी कानाला हेडफोन लावतो, पायाखालच्या पेडलने ती थांबवतो, चालू करतो आणि टाईप करतो. निरोगी छातीसाठी तयार मजकूर असतो, त्याला आम्ही साचा म्हणतो. डॉक्टर नुसतं 'साचा क्रमांक दोन' म्हणाले की हृदय, फुप्फुसं, बरगड्या सगळं ठाकठीक, असा अर्धा पानभर मजकूर मी चिकटवतो. डॉक्टर संध्याकाळी गठ्ठ्यावर सह्या करतात आणि घरी जातात.

आमच्या डॉक्टरांना अख्खं हॉस्पिटल 'कदाचितराव' म्हणतं. साधी मोडलेली करंगळी असली तरी 'कदाचित जुनं असेल, कदाचित नसेल' केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. वॉर्डातले डॉक्टर वैतागायचे. शेवटी अधीक्षकांनी लेखी ताकीद दिली, अहवाल निःसंदिग्ध असावेत. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही जुने आहात. जरा साफ करून टाईप करत चला." तेव्हापासून मी साफ करतो. दिवसाला पंधरा-वीस 'कदाचित' तरी केरात जातात. डॉक्टरांनी कधी तक्रार केली नाही. त्यांनाही सुटल्यासारखं वाटत असावं.

तेव्हा त्यांनी भाऊजींची फिल्म नीट पाहिली की नाही, हे मी कसं सांगू? मला फक्त आवाज येतो. कॅसेटी दर आठवड्याला पुसून पुन्हा वापरतात. वकिलाला सांग, त्या दिवशीच्या कॅसेटचा नाद सोडा.

तब्येतीला जप.

बारक्या


२१ ऑगस्ट

ताई,

'घरभेदी' हा शब्द तुझ्या अक्षरात पाहिला. छान वळण आहे. लहानपणी माझ्या हाताला धरून तूच मला अक्षरं गिरवायला शिकवलीस, त्यामुळे शिवीसुद्धा घरच्यासारखी वाटली.

समितीसाठी भाऊजींची जुनी फिल्म शोधून काढण्याचं काम माझ्याकडेच आलं. इतक्या वर्षांत मी फिल्म अशी कधी पाहिली नव्हती. पाकिटातून काढली, पेटीवर लावली. खांदे किंचित वर चढवलेले. फोटो काढताना त्यांची ती सवय होती, आठवतं? एक्स-रे काढतानाही गडी ऐटीत उभा राहिला होता.

उजवीकडे वर, गळ्याजवळचं आडवं हाड जिथे पहिल्या बरगडीवरून जातं, तिथे हरभऱ्याएवढी पांढुरकी सावली आहे. मला लगेच दिसली. कुठे बघायचं हे माहीत होतं ना. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंना म्हणालो, "उजव्या बाजूला वर काही दिसतं का?" त्यांनी चष्माही न लावता बोट ठेवलं. म्हणाल्या, "ही काय. एवढी ढळढळीत सोडली कशी त्यांनी?" तुझा वकीलही हेच म्हणणार, समितीही हेच म्हणणार. माझं डोकं फिरलं. आणि मग मी एक उद्योग केला.

फिल्मच्या कोपऱ्यात नाव असतं. त्यावर मी दुसरा नंबर लिहिलेली कागदी पट्टी चिकटवली, आणि 'चव्वेचाळीस वर्षे, नोकरीसाठी तपासणी' एवढंच लिहून ती रोजच्या गठ्ठ्यात सरकवली. तीन दिवसांत चार डॉक्टरांपुढून फिरवली. हे कळलं तर मला उद्याच घरी बसवतील.

पहिला, नुकताच लागलेला डॉक्टर. म्हणाला, नॉर्मल. दुसरी त्याच्या बरोबरीची. तिने बराच वेळ पाहिलं आणि डाव्या बाजूला खाली संशय काढला, जिथे काहीही नव्हतं आणि पुढेही कधी निघालं नाही. तिसरे आमचे छातीचे मोठे डॉक्टर, ज्यांना समितीने तज्ज्ञ म्हणून बोलावलं आहे. ते फोनवर कुणाशी तरी फरशी कुठली बसवायची यावर बोलत होते. फिल्म खिडकीकडे धरली, "क्लिअर आहे," म्हणाले, आणि पुन्हा फरशीवर गेले.

चौथे कदाचितराव. तक्रारीची प्रत हातात पडल्यापासून त्यांची पाचावर धारण बसली आहे. आता ते कशालाच निरोगी म्हणत नाहीत. त्या दिवशीच्या सत्तावीस फिल्मपैकी एकोणीस जणांना त्यांनी 'पुढील तपासणी आवश्यक' ठोकलं. भाऊजींच्या पट्टीवरचा नंबर आला तेव्हा मी हेडफोन कानावर दाबून धरला. कॅसेटवर जवळजवळ चार मिनिटं नुसता खुर्चीचा आवाज आहे, एकदा खाकरणं आहे. इतका वेळ त्यांनी दुसऱ्या कुठल्याच फिल्मला दिला नव्हता. आणि मग म्हणाले, "साचा क्रमांक दोन."

म्हणजे या खेपेला त्यांना ती दिसलीच नाही.

मला हसू आलं ताई. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, काय झालं, तर मी हेडफोन पुन्हा कानावर ओढला. चारही जणांचं म्हणणं मी एका कागदावर तारखेसह टाईप करून ठेवलं आहे. तू ज्याला हेळसांड म्हणतेस ती अशी आहे. डोळे फाडून बघितलं तरी दिसत नाही आणि एकदा सांगितलं की आंधळ्यालाही दिसते.

वरची 'या खेपेला'वाली ओळ खोडणार होतो. पण खोडाखोड केलेलं पत्र तुझा वकील जास्तच जपून ठेवेल.

बारक्या


१० सप्टेंबर

ताई,

तुझी नजर अजून तशीच आहे. अख्खं पत्र सोडून तू तेवढंच उचललंस. 'या खेपेला म्हणजे काय?'

सांगतो. आधी दुसरं सांगतो, कारण त्याच्यामुळेच आज लिहायला बसलो आहे.

त्या एकोणीस जणांत एक शिवणकाम शिकवणाऱ्या बाई होत्या. पन्नाशीच्या. खोकला होता म्हणून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी त्यांच्या फुप्फुसात एक ठिपका पाहिला आणि लिहून टाकलं, गाठ नाही असं म्हणता येत नाही, सुईने तुकडा काढून तपासा. दोन महिन्यांपूर्वी ते 'कदाचित जुना व्रण' म्हणाले असते आणि मी तो कदाचित खाऊन टाकला असता. सुई घातली. फुप्फुसातली हवा छातीत सुटली आणि फुप्फुस बसलं. नऊ दिवस बाई छातीत नळी घालून पडून होत्या. तपासणीत काय निघालं? जुना व्रण. त्यांचा नवरा मिठाईचा पुडा घेऊन आमच्या विभागात आला. डॉक्टरांचे हात धरून म्हणाला, "तुमच्यामुळे खात्री झाली, साहेब." डॉक्टरांनी हात सोडवून घेतले. तो गेल्यावर मला म्हणाले, "आता मी काहीही सोडत नाही. तुमच्या मेहुण्यांच्या वेळी सोडलं, तसं आता नाही."

त्यांना आठवत नाही, ताई. रोज पंचवीस-तीस छात्या बघणाऱ्या माणसाला दोन वर्षांपूर्वीची एक छाती कुठून आठवणार? तू लिहिलंस की त्यांना दिसलं नाही, म्हणून त्यांनीही ते मानून टाकलं. समितीपुढे 'मी चुकलो' म्हणून सही करायला ते तयार आहेत. त्यांची डॉक्टरकीची सनद जाईल. एकसष्ट वर्षांचा माणूस, आणि रोज सकाळी त्या भीतीपोटी धडधाकट लोकांच्या छातीत सुया घालायला पाठवतो आहे.

त्यांनी सोडलं नव्हतं. पहिल्या खेपेला त्यांना दिसलं होतं.

त्या दिवशीच्या कॅसेटवर त्यांचे शब्द असे आहेत. मी ते इतक्यांदा ऐकले आहेत की श्वासासकट पाठ आहेत. "साचा क्रमांक दोन. पण उजवीकडे वर बारीक सावली. बरगडीचं टोक असावं, या वयात ते कडक होतं. कदाचित नसेलही. कलून उभं करून वेगळ्या कोनातून एक फिल्म काढावी."

एवढंच. ज्याचा एक्स-रे काढतात त्याला जरा मागे रेलून उभं करायचं, म्हणजे हाड वर सरकतं आणि मागचं मोकळं दिसतं. पाच मिनिटांचं काम. मी साचा चिकटवला. पुढचं टाईप केलं नाही. संध्याकाळी डॉक्टरांनी न वाचता सही केली.

मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. कॅसेट पुसली गेली नाही, ती माझ्याकडे आहे. टाचण्यांच्या डब्यात, माझ्या खणात. त्या दिवशी मनात आलं होतं, उद्या डॉक्टरांना एकदा विचारू. दुसऱ्या दिवशी ते रजेवर होते. तिसऱ्या दिवशी अहवाल कंपनीत पोहोचला होता. चौथ्या दिवशी भाऊजी स्वतः भेटायला आले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय मेहुणे, सुटलो का आम्ही?" मी म्हणालो, "ठणठणीत आहात." तिथे विषय संपला असं मला वाटलं.

तूच मला मागे सांगितलं होतंस, वर्षभर ते खोकत राहिले आणि डॉक्टरकडे चला म्हटलं की कपाटातून अहवालाची प्रत काढून दाखवायचे. "घरच्या माणसाने टाईप केलाय, आणखी कुणाचं ऐकू?" हे तू मला हॉस्पिटलच्या जिन्यात सांगितलंस. मी मान हलवली होती. त्या वेळी माझं मन काय करत होतं ते विचारू नकोस.

तेव्हाच ती गाठ सापडली असती तर भाऊजी वाचले असते का, असं मी डॉक्टरांना आडून विचारलं, दुसऱ्या कुणाचं म्हणून. म्हणाले, "कदाचित." मी पहिल्यांदाच या शब्दासाठी त्यांच्या अंगावर ओरडलो.

चौकशी सव्वीस तारखेला आहे. कॅसेट घेऊन जावं की नाही, हे तुला विचारतो आहे. विचारणं भाग आहे. का, ते तुला ठाऊक आहे.

बारक्या


१८ सप्टेंबर

ताई,

'ती कॅसेट फोडून टाक.' या वेळी चारच शब्द.

महिनाभर पुरावा पुरावा करून तू माझा जीव खाल्लास. आता पुरावा आहे म्हटल्यावर फोडून टाक. आठवलं ना तुला लगेच? मी ते पत्रात लिहिलं नव्हतं. तू लिहायला लावतेस, म्हणून आता लिहितो.

एक्स-रेच्या आदल्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. विभागातल्या फोनवर, सगळ्यांसमोर. तू म्हणालीस, "अकरा वर्षं वेल्डिंग केलं त्यांनी टेंपररी म्हणून. आता एवढी तपासणी पार पडली की कायम होतील. रिपोर्टात काही वाकडं येऊ देऊ नकोस. शंका निघाली तरी महिनाभर लटकवतात आणि मग दुसऱ्याला घेतात. तुझ्या हातात आहे ना?" मी म्हणालो, "बघतो." तू म्हणालीस, "बघतो नको. सांग."

मी काय सांगितलं ते तुला माहीत आहे.

ताई, तू वाईट म्हणून हे लिहीत नाही. कुणीही सांगितलं असतं. कायम झाले तेव्हा तू पहिल्यांदा मला हौसेने जेवायला बोलावलंस, माझ्या ताटात दोनदा वाढलंस. भाऊजी नवीन ओळखपत्र गळ्यात घालूनच जेवायला बसले होते आणि आपण त्यांना चिडवलं. मी इतका खूश होतो की मला त्या ओळीची आठवणही आली नाही.

आता माझंच निदान कर. दिवसाला वीस कदाचित कापणारा माणूस मी. त्या दिवशी एकविसावा कापला, सवयीने, हात चालला तसा? की तुझा फोन डोक्यात होता म्हणून कापला? सवयीने कापला असेल तर कॅसेट बाजूला का ठेवली? आणि मुद्दाम कापला असेल तर भाऊजींना 'ठणठणीत' म्हणताना माझी जीभ अडखळली का नाही? तुझा फोन आला नसता तर मी ती ओळ टाईप केली असती का? मी रोज हाच विचार करतो. एखाद्या दिवशी मला सगळं लख्ख दिसतं आणि दुसऱ्या दिवशी काहीच दिसत नाही.

काल तुझी लेक माझ्याकडे आली होती. तू पाठवलीस हे तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

"मामा, आई म्हणते सव्वीस तारखेला तुम्ही येऊ नका. रजा टाका."

मी विचारलं, "का म्हणून विचारलंस का तिला?"

"विचारलं. म्हणाली, तू निरोप सांग, वकिली करू नकोस."

मग ती माझ्या टेबलावरच्या टायपिंगच्या कॉम्प्युटरकडे बघत बसली. जाताना म्हणाली, "मामा, बाबांचा रिपोर्ट तुम्हीच टाईप केला होता ना? त्यात खरंच काहीच नव्हतं?"

मी म्हणालो, "मी फक्त टाईप करतो, बाळा."

ती खाली मान घालून गेली. तू तिला सांगितलं आहेस की त्या डॉक्टरने तिचा बाप मारला. रोज संध्याकाळी तुम्ही दोघी बसून त्याला शिव्या घालता, असं ती म्हणाली. त्यातच तुमचे दिवस निघतात, हे मला कळतं. कॅसेट वाजली तर तुम्हाला शिव्या घालायला कोण उरतं, हेही कळतं. मी आहे. मला घाला. पण माझ्यावर थांबता येणार नाही तुला, हीच तुझी अडचण आहे.

कॅसेट फोडलेली नाही. नेणार की नाही हे अजून ठरलेलं नाही. तू स्वतः येऊन समोर बसून सांगितलंस तर ऐकेन. मुलीच्या हाती निरोप पाठवू नकोस.

बारक्या


२७ सप्टेंबर

ताई,

तू काल आली नाहीस. 'तब्येत बरी नाही' असं वकिलाने सांगितलं. तो बिचारा पूर्ण तयारीनिशी आला होता, तीन रंगांच्या पेन्सिली आणि फिल्मची मोठी केलेली प्रत. त्याला तू काहीच सांगितलं नव्हतंस, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

समितीत तिघे होते. अध्यक्ष, अधीक्षक आणि एक कायद्याच्या बाई. छातीचे मोठे डॉक्टर साक्षीला. त्यांनी पेनाचं टोक सावलीवर ठेवलं आणि म्हणाले, "शिकाऊ डॉक्टरलाही दिसेल. यात मतभेदाला जागाच नाही. वेळेत कळलं असतं तर पेशंट आज शंभर टक्के जिवंत असता." ऑगस्टमध्ये हीच फिल्म त्यांनी खिडकीकडे धरली होती. मी चार जणांच्या मतांचा तो कागद पुढे केला. अध्यक्षांनी दोन ओळी वाचल्या, मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं आणि कागद पालथा घातला. "हा आजचा विषय नाही," म्हणाले. मोठे डॉक्टर घड्याळ बघत होते.

मग कदाचितराव उभे राहिले. इस्त्री केलेला शर्ट घालून आले होते. म्हणाले, "मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही. मला काही सांगायचं नाही." बत्तीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने कदाचित न लावता बोललेली ही पहिलीच वाक्यं असतील, आणि तीच खोटी होती. माझ्याच्याने बसवेना.

मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि कॅसेट वाजवली.

सगळं वीस सेकंदांत संपलं. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा लावा." पुन्हा लावली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी असं काही आलं की मला वाटलं, सुटला माणूस. मग ते माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत. "अठरा वर्षं मी तुम्ही टाईप केलेल्यावर न वाचता सही करत आलो," एवढंच म्हणाले. अधीक्षक लगेच म्हणाले, "असं परस्पर गाळायच्या सूचना विभागात कुणालाही नव्हत्या." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

निकाल असा. डॉक्टरांना न वाचता सही केल्याबद्दल समज, सनद राहिली. माझं निलंबन आजपासून, पुढची चौकशी चालेल. तुझी तक्रार निकाली.

बाहेर बाकावर डॉक्टर माझ्या शेजारी येऊन बसले. मी त्यांना ऑगस्टमधला माझा उद्योग सांगून टाकला. आता लपवायला राहिलंच काय होतं? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकदा पाहिली तेव्हा दिसली. जीव मुठीत धरून पाहिली तेव्हा दिसली नाही. आता उद्या सकाळी कुठल्या डोळ्यांवर भरवसा ठेवून बसू?" शिवणाच्या बाईंबद्दलही बोलले. त्यांच्या छातीतली नळी मीच घातली, असं म्हणाले. ते राजीनामा देणार आहेत. मी कॅसेट वाजवली ती त्यांना वाचवायला, असा माझा समज होता. आभार मानायला ते आले नव्हते, हे त्यांनी उठताना मला स्पष्ट सांगितलं.

आता तुझ्या कामाचं.

कॅसेट वाजल्यावर माझा जबाब टाईप करायला त्यांचा लेखनिक बसला. त्याच्याकडेही साचा होता. 'सदर मजकूर मी' आणि पुढे मोकळी जागा. त्याने विचारलं, "नजरचुकीने, की हेतुपुरस्सर?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

अध्यक्ष म्हणाले, "माहीत नाही हे उत्तर होत नाही. दोनातलं एक सांगा. अहवालात संदिग्ध काही चालणार नाही."

तिसरा शब्द घालता येईल का, असं मी विचारलं. लेखनिकाला माझी कीव आली असावी. हळूच म्हणाला, "साहेब, दोनच आहेत."

कायद्याच्या बाई हुशार होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे बघा, पेशंट तुमचा मेहुणा होता. अहवाल साफ यावा असं तुम्हाला घरून कुणी सांगितलं होतं का? तसं असेल तर सगळा भार तुमच्यावर येणार नाही."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. ताई, मी संत नाही. मला त्या क्षणी तुझा राग आला होता. सहा महिने बंद ठेवलेलं दार, घरभेदी, फोडून टाक, सगळं आठवत होतं. तुझा फोन, त्याची वेळ, तुझं एकूण एक वाक्य मला पाठ आहे. शेजारच्या टेबलावरची मुलगी साक्षीला मिळाली असती. नोकरीही कदाचित राहिली असती. आणि संध्याकाळी तुझ्या लेकीला सगळं कळलं असतं.

मी म्हणालो, "नाही. कुणी सांगितलं नव्हतं."

लेखनिकाने 'नजरचुकीने' टाईप केलं आणि मी सही केली.

भाऊजींच्या वेळचं वाक्य सवयीने गळलं की तुझ्यामुळे, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. तुझं नाव मात्र मी काल शुद्धीवर असताना, मुद्दाम गाळलं आहे. त्याबद्दल कुणी विचारलं तर मी 'कदाचित' म्हणणार नाही.

बारक्या